रायपूरहून बर्फाकडे

जागतिक स्पर्धेसाठी देशाचा संघ निवडायचा आणि त्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या, असं कुणी सांगितलं तर आपला विश्वास बसणार नाही. ऑलिम्पिकला सर्वांत वेगवान धावपटूनेच जायचं असतं, हे आपण गृहीत धरलेलं असतं. स्पेशल ऑलिम्पिकमध्ये निवडीची रीत वेगळी आहे. खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत आपल्या गटात जो पहिला आला, तो जागतिक स्पर्धेला पात्र. गट पुष्कळ असतात, त्यामुळे पहिले आलेलेही पुष्कळ असतात. जागा थोड्या आणि पात्र खेळाडू जास्त झाले की चिठ्ठ्या टाकून नावं काढली जातात. शंभर मीटर पंधरा सेकंदांत धावणारा आणि तेच अंतर चाळीस सेकंदांत कापणारा, दोघांची चिठ्ठी एकाच डब्यात पडते.

ही रीत समजून घेतल्याशिवाय तुरीनमध्ये काय घडलं ते कळणार नाही. ८ ते १५ मार्च २०२५ या आठवड्यात इटलीतल्या त्या शहरात आणि त्याच्या मागच्या डोंगरांत स्पेशल ऑलिम्पिकचे जागतिक हिवाळी खेळ झाले. सुमारे शंभर देशांतून बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १,५०० खेळाडू आले होते. सेस्ट्रिएरे, बार्दोनेक्किया आणि प्राजेलातो या डोंगरातल्या गावांत २००६ साली हिवाळी ऑलिम्पिकच्या शर्यती झाल्या होत्या. या वेळी तिथल्याच बर्फावर हे खेळाडू उतरले. खेळ आठ होते: उतारावरचं स्कीइंग, सपाटीवरचं लांब पल्ल्याचं स्कीइंग, स्नोबोर्डिंग, स्नोशूइंग, फिगर स्केटिंग, शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग, फ्लोअरबॉल आणि नृत्यक्रीडा. भारताचं पथक ४९ जणांचं होतं, त्यांत ३० खेळाडू. त्यांनी ३३ पदकं आणली: ८ सुवर्ण, १८ रौप्य, ७ कांस्य.

त्या आठवड्यात आमच्या रायपुरात कूलर माळ्यावरून खाली येत होते आणि त्यांच्या खसच्या ताट्या बदलल्या जात होत्या. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बर्फ म्हणजे इथे गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी. अशा शहरातल्या मुलाचा हिवाळी खेळांशी काय संबंध, हा प्रश्न साहजिक आहे. या लेखात मी त्याचंच उत्तर शोधते आहे. ते शोधताना मला जे सापडलं ते इथल्या मराठी मंडळींपुढे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांपुढेही, ठेवावंसं वाटलं.

रायपूरची ओळख महाराष्ट्रातल्या वाचकाला थोडी करून द्यायला हवी. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातल्या बिंबाजींच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबं आहेत. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती तेव्हा रायपूर त्याच प्रांतातला एक जिल्हा होतं. १९५६ साली सीमा बदलल्या, २००० साली वेगळं राज्य झालं. पण तात्यापारा हा मोहल्ला आहे, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ आहे. मंडळ गणेशोत्सव आणि नाटकांपुरतं थांबलेलं नाही. ते संत ज्ञानेश्वर विद्यालय चालवतं आणि समता कॉलनीत दिव्यांग बालिका विकास गृहही चालवतं. मंडळाच्या या दोन कामांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आधी ही चळवळ कुठून आली ते पाहू. अमेरिकेतल्या केनेडी घराण्यात रोझमेरी नावाची मुलगी होती, जॉन केनेडींच्या पाठची बहीण. ती शिकण्यात मागे होती. १९४१ साली, ती तेवीस वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर लोबोटॉमीची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर तिचं चालणं-बोलणं जवळपास गेलं आणि उरलेलं सारं आयुष्य तिने संस्थांमध्ये काढलं. घरात तिच्याविषयी बोलणं वर्षानुवर्षं टाळलं गेलं. तिची धाकटी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर हिने १९६२ साली एका मोठ्या साप्ताहिकात लेख लिहून हे मौन मोडलं. त्याच उन्हाळ्यात तिने मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शिबिर भरवलं. मुलांना पोहू दिलं, घोड्यावर बसवलं, धावायला लावलं.

त्याच सुमारास टोरांटोत फ्रँक हेडन हे शास्त्रज्ञ एक साधी गोष्ट मोजत होते. या मुलांची शारीरिक तंदुरुस्ती इतर मुलांपेक्षा खूप कमी का असते? त्यांचं उत्तर असं निघालं, की यात अक्षमतेचा दोष नाही. मुलांना खेळूच दिलेलं नसतं, ती घरात बसून असतात, म्हणून ती अशक्त राहतात. सराव दिला की तंदुरुस्ती वाढते. साठ वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आपल्याकडच्या शेकडो घरांत आजही पोचलेला नाही.

२० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले खेळ झाले. अमेरिका आणि कॅनडातून सुमारे हजार खेळाडू आले. प्रेक्षक शंभरसुद्धा नव्हते. कॅनडाच्या मुलांनी तिथे फ्लोअर हॉकी खेळून दाखवली. तिचं नाव भारताच्या संदर्भात पुढे येईल. बर्फावरचे पहिले जागतिक खेळ फेब्रुवारी १९७७ मध्ये कोलोराडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्जला झाले. १९९३ साली ते ऑस्ट्रियात गेले, उत्तर अमेरिकेबाहेर पहिल्यांदा. २००५ साली जपानमधल्या नागानोला आशियात पहिल्यांदा झाले. २०१७ साली पुन्हा ऑस्ट्रियात, ग्राट्झ आणि श्लाडमिंग इथे. पुढचे खेळ स्वीडनने सोडले, मग रशियातल्या कझानकडे गेले आणि युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रद्दच झाले. तुरीनमध्ये ते आठ वर्षांनी भरले. ज्या खेळाडूंचा उमेदीचा काळ या खंडात गेला, त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही.

१९७७ हे साल आपल्याही ओळखीचं आहे. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं ते याच वर्षी, आणि तेही आपल्या मुलासाठी शाळा सापडेना म्हणून. त्याच्याही आधी, १९४४ साली, मुंबईत जय वकील शाळा सुरू झाली, तीही एका मुलीच्या आईवडिलांनी. पुण्यात कामायनी १९६४ पासून आहे. बदलापूरला पालकांनी मिळून १९९० साली ‘आधार’ उभं केलं, कारण ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. तिकडे बहीण, इकडे आईबाप. या क्षेत्रातल्या संस्था सरकारच्या आधी घरच्यांनीच उभ्या केल्या, आणि खेळाचंही तसंच आहे. पुण्याची गौरी गाडगीळ डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली, पोहायला शिकली, २००७ साली शांघायच्या स्पेशल ऑलिम्पिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवलं. तिच्या आयुष्यावर २०१४ साली महेश लिमये यांनी ‘यलो’ हा चित्रपट काढला, त्यात तिने स्वतःचं काम स्वतःच केलं. मराठी घरांत या विषयावर मोकळेपणी बोलणं ज्या काही गोष्टींमुळे सुरू झालं, त्यांत हा चित्रपट नक्की आहे.

आता गटांकडे वळते, कारण स्पेशल ऑलिम्पिकचं खरं तंत्र तिथे आहे. खेळाडू आले की आधी प्राथमिक फेरी होते. तिच्यात पदक नसतं, फक्त मोजणी असते. वय, लिंग आणि या फेरीतली वेळ किंवा कौशल्य पाहून गट पाडले जातात, एका गटात तीन ते आठ खेळाडू. गटातला सर्वांत चांगला आणि सर्वांत कच्चा यांच्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त फरक राहू नये, असा प्रयत्न असतो. मग अंतिम फेरी. पहिल्या तिघांना पदकं, चौथ्यापासून आठव्यापर्यंत फिती. व्यासपीठावर सगळे चढतात.

लबाडीची शक्यता नियमकर्त्यांनी धरलेली आहे. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावून सोप्या गटात शिरायचं आणि अंतिम फेरीत वाऱ्यासारखं पळायचं, असं कुणी केलं आणि वेळ १५ टक्क्यांहून जास्त सुधारली, तर खेळाडू बाद होऊ शकतो. या नियमामागे सन्मान आहे, असं मला वाटतं. ही मुलं निरागस असतात, त्यांना डावपेच कळत नाहीत, असली गोड समजूत इथे नाही. त्यांना खेळाडू मानलं आहे, म्हणून खेळाडूंना लागू असलेला संशयही त्यांना लागू आहे.

या गटांमुळेच पदकतालिका ऑलिम्पिकसारखी वाचता येत नाही. एकाच शर्यतीत जितके गट तितकी सुवर्णपदकं असतात. २०१७ मध्ये भारताला ७३ पदकं मिळाली होती, ३७ सुवर्ण, १० रौप्य, २६ कांस्य. तुरीनला ३३. म्हणून आपली घसरण झाली असं म्हणणं चूक, आणि ‘भारताने जगाला हरवलं’ हे म्हणणंही चूक. पथकाचा आकार बदलतो, खेळ बदलतात. आपल्या वर्तमानपत्रांनी तुरीनची बातमी दिली तेव्हा आकडे दिले, गटांविषयी एक ओळही दिली नाही. त्यामुळे ज्यांना ते ठाऊक नव्हतं ते वाचक ‘तीस जणांना तेहतीस पदकं, म्हणजे सगळ्यांनाच वाटतात की’ असं म्हणून मोकळे झाले. प्रत्यक्षात आपल्याच ताकदीच्या सात जणांशी लढून पहिलं येणं किती कठीण असतं, हे कुठल्याही खेळाडूला विचारावं. फार पुढे असलेला माणूस आरामात जिंकतो. बरोबरीच्यांत जिंकायला जीव काढावा लागतो.

पॅरालिम्पिकचं गणित निराळं. तिथे सर्वांत वेगवान कोण हाच प्रश्न असतो. २०२४ साली पॅरिसमध्ये तेलंगणाची दीप्ती जीवनजी बौद्धिक अक्षमता असलेल्या धावपटूंच्या ४०० मीटर शर्यतीत कांस्यपदक घेऊन आली. ते यश मोठंच आहे. पण तिथली वाट अरुंद आहे आणि एका घोटाळ्याने ती आणखी अरुंद केली. २००० साली सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकलं आणि नंतर उघड झालं, की बारांपैकी दहा खेळाडूंना कुठलीही अक्षमता नव्हती. शिक्षा साऱ्या जगातल्या खऱ्या खेळाडूंना झाली. त्यांच्यासाठीचे प्रकार पॅरालिम्पिकमधून काढून टाकले गेले. उन्हाळी स्पर्धेत ते २०१२ मध्ये लंडनला मोजक्या खेळांपुरते परत आले. हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये १९९८ च्या नागानोनंतर परत आलेच नाहीत. म्हणजे बर्फावर, इतक्या मोठ्या प्रमाणावर, या मुलामाणसांना जागा देणारं व्यासपीठ स्पेशल ऑलिम्पिकच आहे.

बर्फावर उभं राहायला शिकवतात कसं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्कीइंगचे बूट ताठ असतात, घोटा वाकत नाही, आणि जन्मभर चपला-सॅंडल घातलेल्या पायाला ते सहन होत नाहीत. मग आधी बूट घरात, सतरंजीवर घालून चालायचं. हातमोजे घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. अंगावर कपड्यांचे तीन थर चढल्यावर हात वर होतो का ते बघायचं. डोळ्यांवर गॉगल सहन करायला शिकायचं. ज्या मुलाला स्पर्शाचा त्रास होतो, त्याचे कित्येक आठवडे एवढ्यातच जातात. त्यानंतर आडवी पावलं टाकत चढणं. त्यानंतर पडणं, कारण नीट पडायला शिकावं लागतं, आणि पडून उठणं त्याहून अवघड. मग दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवायची, म्हणजे वेग कमी होतो. जगभरचे शिक्षक लहानांना यासाठी ‘पिझ्झा कर’ असं सांगतात, म्हणजे पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा त्रिकोण. एवढं जमलं की उतार.

विशेष शाळेतल्या ताई-सरांना यात नवीन काही वाटणार नाही. हात धुणं, शर्टाची बटणं लावणं, बसचं तिकीट काढणं, प्रत्येक काम लहान लहान टप्प्यांत तोडून शिकवणं हेच त्यांचं रोजचं काम. स्कीइंगचा प्रशिक्षक बर्फावर जे करतो, ते आपल्या शाळांत रोज न्हाणीघरात आणि जेवणाच्या पंगतीत चाललेलं असतं. कौशल्य आपल्याकडे आहेच. त्याला खेळ म्हणायची सवय नाही.

काही मुलांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागते, आणि ती पालकांना नीट समजावून सांगायला हवी. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, आणि काहींमध्ये मानेचे वरचे दोन मणके अस्थिर असतात. अशा मुलाने उतारावरचं स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग करताना मानेला झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून स्पेशल ऑलिम्पिकमध्ये तपासणी आधी होते, आणि मणका अस्थिर किंवा दाबला गेल्याची लक्षणं असतील तर असे खेळ वगळून दुसरे दिले जातात. नाचता येतं, स्नोशू घालून चालता येतं. मूल बाद होत नाही, खेळ बदलतो.

१९९७ पासून या स्पर्धांबरोबर आरोग्यतपासणीही होते: दात, डोळे, कान, पाय, आहार, मन. तपासणीत काय निघतं ते ऐकून वाईट वाटतं. वर्षानुवर्षं किडलेले दात, कारण दुखतंय हे मुलाला सांगता आलं नाही. चष्म्याची गरज असून चष्मा नाही, आणि त्यामुळे ‘याला काही समजत नाही’ असा शिक्का. चुकीच्या मापाचे बूट. छत्तीसगडात शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासणारी ‘चिरायु’ योजना आहे, राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं इथलं नाव. तिच्यामुळे लहानपणीचे दोष लवकर सापडू लागले. पण अठराव्या वर्षी ती योजना संपते आणि बौद्धिक अक्षमता असलेला माणूस त्यानंतर दवाखान्यात जातो तो बहुधा आजार विकोपाला गेल्यावरच. खेळाच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी दातांचा डॉक्टर त्याच्या तोंडात डोकावतो, हा मला पदकाहून मोठा लाभ वाटतो.

आणि एक लाभ घरातल्यांचा. जागतिक स्पर्धेला खेळाडू आईवडिलांबरोबर जात नाही, पथकाबरोबर जातो. चार खेळाडूंमागे किमान एक प्रशिक्षक किंवा सहायक असावा असा दंडक आहे. वीस-वीस वर्षं ज्या मुलाचे केस विंचरले, ज्याला एका रात्रीसाठीही मामाकडे ठेवलं नाही, त्याला विमानतळावर दुसऱ्यांच्या हाती सोपवून घरी परतायचं, हे त्या आईचंही प्रशिक्षण असतं. पासपोर्ट काढावा लागतो, मुलाची सही किंवा अंगठा घ्यावा लागतो. मूल सज्ञान असेल तर पालकत्वाच्या कागदांचा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो आणि ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं कवच मिळतं, हे कित्येक घरांना ठाऊकच नसतं. खेळामुळे हे कागद पूर्ण होत असतील तर तेही बरंच.

मग रायपूरचा आणि बर्फाचा संबंध काय?

आठ खेळांची यादी पुन्हा पाहा. नृत्याला बर्फ लागत नाही. फ्लोअरबॉलला लागत नाही. शॉर्ट ट्रॅकचे आपल्याकडचे बरेच खेळाडू आधी चाकांच्या स्केटवरच शिकतात, आणि तोल सावरणं, वळणावर झुकणं, रांगेत पुढच्याच्या मागे राहणं हे सगळं चाकांवरही शिकता येतं. स्नोशूइंगचा सराव उष्ण देशांतले संघ गवतावर आणि वाळूवर करतात, तसा तो आपल्या खारुन नदीकाठी किंवा राजिमला महानदीच्या विस्तीर्ण वाळूत होऊ शकतो. वाळूत पाऊल रुततं, ते उचलून पुढे टाकावं लागतं, मांड्या भरून येतात. बर्फावर नेमकं हेच करायचं असतं. आणि छत्तीसगडच्या मुलांना उंच पायांवर चालणं परकं नाही. हरेलीला, म्हणजे इथल्या पंचांगातल्या श्रावण अमावास्येला, गावोगाव बांबूच्या गेडीवर मुलं चालतात, चिखलातून पळतात. २०२२ साली सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिम्पिकमध्ये गेडीची शर्यत होती. तोल म्हणजे काय हे ज्याला गेडीवर कळलं, त्याला स्कीवर निम्मं आधीच कळलेलं असतं. प्रश्न एवढाच, की हरेलीच्या त्या घोळक्यात आपलं विशेष मूल असतं का? बहुतेक वेळा ते ओसरीवर बसून बघत असतं. पडेल म्हणून.

खरा उतार तिथे आहे. अडचण हवामानाची असती तर फ्लोअर हॉकीत भारताचे संघ वर्षानुवर्षं खेळलेच नसते. ती हॉकी वळलेल्या काठीने नाही, सरळ दांडीने खेळतात; दांडीचं टोक फेल्टच्या चकतीच्या मधल्या भोकात घालून चकती ओढायची. साधं सभागृह पुरतं, म्हणून बर्फ नसलेल्या राज्यांतली मुलं तिच्यातून हिवाळी खेळांपर्यंत पोचली. २०१७ नंतर हा खेळ हिवाळी खेळांतून गेला आणि त्याची जागा फ्लोअरबॉलने घेतली: हलका, भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू, वजन २३ ग्रॅम, आणि हलकी काठी. स्पेशल ऑलिम्पिकच्या रीतीने मैदानावर एका बाजूला तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक, मैदान २० मीटर लांब, १२ मीटर रुंद. बास्केटबॉलच्या कोर्टात ते आरामात मावतं.

आणि हॉकी तर इथल्या हाडामांसातली. शेजारच्या राजनांदगावला हॉकीची नर्सरी म्हणतात, महंत राजा सर्वेश्वरदास स्पर्धा तिथे पिढ्यान्‌पिढ्या भरते. रायपूरला सरदार वल्लभभाई पटेल हॉकी स्टेडियम आहे, २०१५ मध्ये तिथे हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा झाली. बुढा तालाबाजवळ बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियम आहे. राजनांदगावातच केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या अखत्यारीतलं. तिथे विशेष शिक्षक घडतात. रायपुरात आकांक्षा लायन्स इन्स्टिट्यूटसारखी संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते. काठी धरायला शिकवणारे एकीकडे, या मुलांना शिकवणं जाणणारे दुसरीकडे. रायपूर आणि राजनांदगाव यांच्या मधल्या सत्तर किलोमीटरच्या रस्त्यावर या दोघांची गाठ पडायची आहे.

कायद्याने ही गाठ बांधून ठेवली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तिसावं कलम सांगतं, की दिव्यांगांना खेळांत भाग घेता यावा याची व्यवस्था सरकारने आणि क्रीडा प्राधिकरणांनी करायची आहे. हा उपकाराचा विषय राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमतेची नोंद असलेले लोक पंधरा लाखांहून जास्त होते, आणि ज्यांच्या घरच्यांनी ते सांगितलं नाही त्यांची मोजणीच नाही. तुरीनला गेले तीस. ते परतल्यावर केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी विजेत्यांचा सत्कार केला, रोख पुरस्कार दिले. ते योग्यच झालं. पण पुरस्कार विजेत्याला मिळतो, आणि विजेता व्हायच्या आधी लागतं ते रोजचं सभागृह, प्रशिक्षकाचा पगार, मुलाला घेऊन येणारी रिक्षा. तिथे पैसा पोचत नाही. स्पेशल ऑलिम्पिक भारत ही संस्था २००१ पासून आहे, राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून तिला मान्यता आहे, राज्याराज्यांत तिच्या शाखा आहेत. तरी जिल्ह्याच्या पातळीवर काम चालतं ते दोन-चार शिक्षकांच्या जिद्दीवर, आणि त्यांची बदली झाली की थांबतं.

पुढचे हिवाळी खेळ २०२९ साली स्वित्झर्लंडमध्ये आहेत. रायपूरचं एखादं मूल तिथे पोचेल की नाही, ते चिठ्ठीवर अवलंबून असेल. पण चिठ्ठीत नाव पडायला आधी एका गटात पहिलं यावं लागतं, त्याआधी स्पर्धा खेळावी लागते, त्याआधी आठवड्यातून दोनदा मैदानावर यावं लागतं.

स्पेशल ऑलिम्पिकमध्ये ‘युनिफाइड’ नावाचा प्रकार आहे. एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकत्र खेळतात, वय आणि कौशल्य जुळवून. दुसऱ्या मुलांनी मदतनीस म्हणून यायचं नसतं, जोडीदार म्हणून खेळायचं असतं. चेंडू सुटला की ओरडायचं, गोल झाला की गळ्यात पडायचं. महाराष्ट्र मंडळाकडे शाळा आहे, शाळेत मुलं आहेत, आणि दिव्यांग मुलींच्या सांभाळाचा अनुभवही आहे. शहरातल्या विशेष शाळांशी बोलून अशा एका संघाची जुळवाजुळव करायला यापेक्षा सोयीची जागा रायपुरात मला दिसत नाही. लागेल ते एवढं: २० बाय १२ मीटरची आखलेली जागा, डझनभर काठ्या, काही चेंडू, राजनांदगावहून महिन्यातून एकदा येणारा हॉकीचा प्रशिक्षक, रोजचा एक विशेष शिक्षक, सुरुवातीला सगळ्यांची डोळे-दात-मानेची तपासणी करून देणारे दोन डॉक्टर, आणि मुलांना आणण्या-नेण्याची गाडी. यांतली गाडी सर्वांत महाग पडेल आणि सर्वांत आधी तीच बंद पडेल, म्हणून तिच्या खर्चाची तरतूद पहिल्याच दिवशी तीन वर्षांसाठी करून ठेवायला हवी. दिवाळीनंतर मंडळाच्या कार्यकारिणीपुढे हा प्रस्ताव, गाडीच्या हिशेबासकट, मी लेखी देणार आहे.